जोडीदारणीचा आकडा

"देता येत नाहीत म्हणजे काय? दिवस माझे, साठवले मी, आणि कुणाला द्यायचे ते तुम्ही ठरवणार?"

"बाई, आवाज खाली. मी नाही ठरवत, नियम ठरवतो. रजा द्यायची तर घेणारी कामावर पाहिजे. तुमच्या जोडीदारणीचं नाव आठ महिन्यांपूर्वी हजेरीपटावरून कमी झालं. नसलेल्या माणसाच्या नावावर रजा कुठे चिकटवू? भिंतीला?"

"नसलेली म्हणू नका तिला. चांगली जिवंत आहे ती."

"आहेत ना, शंभर वर्षं जगू देत. पण माझ्या कागदावर नाहीत."

रजाबाबूने चष्मा कपाळावर ढकलला आणि खिडकीच्या जाळीतून तिच्याकडे बघितलं. या माणसाची अर्धी नोकरी लोकांना रजा नाकारण्यात गेली होती. समोर उभी असलेली बाई मात्र तेवीस वर्षांत त्याच्या खिडकीवर धड आठ वेळा आली नव्हती. आज ती आली, ती रजा घ्यायला नाही, वाटायला.

"हे बघा," तो जरा मऊ झाला, "तुमच्या खात्यावर दोनशे चौदा दिवस आहेत. नवा नियम असा की, वर्ष संपताना एकशे वीसच्या वरचे दिवस बुडणार. म्हणजे तुमचे चौऱ्याण्णव. आणि वर्ष संपायला राहिलेत मोजून पंच्याण्णव. उद्यापासून घरी जा, पाय पसरून झोपा. पगारी आहे, फुकट नाही. कोण देतं हो असं?"

"झोपायला मी काय आजारी आहे?"

"मग आजारी पडा," बाबू म्हणाला. "त्याचीही वेगळी शिल्लक आहे तुमची. हात लावलेला नाही अजून."

मागे रांगेत उभे असलेले दोघे हसले. ती हसली नाही.

तिला सगळे 'कुलूप' म्हणायचे. मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात सगळ्यांनाच नावं पडलेली. नाव कुणी पाडलं ते कळायचं नाही, पण पडलं की निघायचं नाही. कुलूप का, तर हिच्या रजेला कधी कुणी उघडलेलं बघितलं नाही. अंगात ताप असला तर डोक्याला फडकं बांधून येणार. दाढ ठणकत असली तर गालात लवंग धरून येणार. लेकीच्या लग्नाला तिने तीन दिवस घेतले, आणि चौथ्या दिवशी हाताच्या मेंदीसकट रोलरवर उभी. नवरा घरी शिवणकाम करायचा. तो म्हणायचा, "हिला मरायचं असलं तरी रविवार बघून मरेल."

पण उगीच नव्हतं ते. तिची आई वीटभट्टीवर होती. तिथे दिवस भरला तर चूल पेटणार, नाहीतर पोरांनी पाणी पिऊन झोपायचं. धाकटा भाऊ झाला त्याच्या पाचव्या दिवशी आई डोक्यावर पाटी घेऊन उभी होती, आणि पोर झाडाखाली फडक्यात गुंडाळलेलं. घरी बसूनही पगार मिळतो, ही गोष्ट कुलपाने नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिला ती थट्टाच वाटली. खरी आहे म्हटल्यावर मग तिने त्या दिवसांना हातच लावला नाही. दाणे कणगीत टाकावेत तसे ती दिवस टाकत गेली. तिचं एकच ठरलेलं होतं: नोकरीचं शेवटचं वर्ष घरी काढायचं. सकाळी उठायचं, दारात बसायचं आणि चहा निवेपर्यंत प्यायचाच नाही. हे ती सगळ्यांना इतक्या वेळा सांगायची की, चहाची वेळ झाली की बायकाच विचारायच्या, "निवला का गं?"

तिची जोडीदारीण अगदी उलट. तिला म्हणायचे 'भोंगा'. उंच, हाडापेराने मजबूत, आणि आवाज असा की वाफेच्या नळ्यांच्या फुसफुशीतूनही पार गेटावर ऐकू जावा. तिच्याकडे रजा कधी टिकायचीच नाही. जाऊबाईंची मंगळसूत्राची खरेदी, रजा. भाचीची परीक्षा, रजा. "अगं, परीक्षा भाचीची, तू काय पाठीमागे बसून उत्तरं सांगणार होतीस का?" कुलूप विचारायची. "बाहेर कोण बसणार मग? पोरीला धीर नको?" एकदा तर तिने नुसतंच 'आज ऊन फार छान पडलंय' म्हणून दांडी मारली आणि दुसऱ्या दिवशी रजाबाबूला कारणही तेच सांगितलं. त्याने अर्जावर 'घरगुती अडचण' लिहून घेतलं.

दोघी एकोणीस वर्षं एकाच रोलरवर. रोलर म्हणजे आडवा, आतून वाफेने तापलेला लोखंडी पिंप, माणूस झोपेल एवढा रुंद. पिळून आलेल्या ओल्या चादरी ट्रॉलीत ढिगाने पडलेल्या असतात. दोघींनी वाकायचं, चादर उचलायची, एकीने डावं टोक, दुसरीने उजवं टोक धरायचं आणि कड सरळ ताणून एकाच दमात रोलरच्या तोंडाला द्यायची. एकीचा हात पाव क्षणाने पुढे गेला तर चादर तिरकी ओढली जाते, चुण्या पडतात, मशीन अडतं. पलीकडच्या बाजूला घडीवाल्या उभ्या असतात, त्यांचा शिव्यांचा पट्टा सुरू होतो. कुलूप आणि भोंगा यांच्या चादरीला एकोणीस वर्षांत एकदाही शिवी पडली नव्हती. इकडे भोंग्याचं तोंड चालू, तिकडे चादर सरळ.

मग भोंग्याची पाठ गेली. उंच बाई, ट्रॉली बुटकी. तिला कुलपापेक्षा दुप्पट वाकावं लागायचं. मणका सरकला होता. डॉक्टरांनी आधी गोळ्या दिल्या, मग पट्टा दिला, आणि शेवटी चिरलं. म्हणाले, नव्वद दिवस अंथरुणावर, जड काही उचलायचं नाही, नाहीतर पुन्हा आमच्याकडेच याल. भोंग्याच्या खात्यावर सगळं मिळून वीस दिवस होते. नवरा मालाचा टेम्पो चालवायचा, त्याच्या कमाईचा काही भरवसा नाही. बिनपगारी घरी बसायचं म्हटलं तर घर बसलं असतं.

दवाखान्यात तेव्हा नुकतीच सोय झाली होती. सहकाऱ्याला आपली रजा देता यायची. एका कागदावर नाव, दिवस आणि सही, बस. पण धुलाईघराला स्वतःचा एक रिवाज होता, कार्यालयाच्या भिंतीवरच्या नियमांपेक्षा कडक. कुणासाठी काही गोळा करायचं असेल, मग ते लग्न असो, मयत असो की कुणाचं घर जळलेलं असो, यादी आधी जोडीदारणीकडे जाणार. तिने आपला आकडा लिहायचा आणि तिच्या वर कुणी जायचं नाही. जिचा हक्क मोठा तिचा आकडा मोठा. बाकीच्यांनी तिला खाली बघायला लावू नये. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. पण नवी पोरगी कामावर आली की तिला चादर धरायला शिकवायच्या आधी हे शिकवलं जायचं.

मुकादमीण यादी घेऊन रोलरपाशी आली तेव्हा कुलपाचे दोन्ही हात ओले होते.

"बोल, लिहिते मी. किती?"

कुलपाच्या जिभेवर वीस होते. भोंग्याला चिरायला नेलं त्या सकाळी, बस थांब्यावर उभं असताना, तिने मनाशी वीस म्हटलेले होते. पण म्हणणं वेगळं आणि सांगणं वेगळं. त्या क्षणी तिला कणगीचा तळ दिसला. शेवटचं वर्ष दिसलं. आणि झटदिशी एक हिशेब डोक्यात उभा राहिला: आपण चाळीस जणी. दोन-दोन दिवस धरले तरी ऐंशी. तिचे वीस. शंभर झाले की! भरपूर झाले.

"दोन," ती म्हणाली.

मुकादमिणीने मान वर केली. "दोन?"

"दोन."

"बघ हं. यादी खाली जायची आहे."

"माहीत आहे," कुलूप म्हणाली आणि चादरीचं टोक उचललं.

माहीत होतं. तेच तिला पुढे खात राहिलं. दोन म्हटल्याचं एक वेळ तिने स्वतःला माफ केलं असतं. हात आखडला, जुनी खोड, चला. पण 'माहीत आहे' हे तिने मुकादमिणीला वाटेला लावण्यासाठी म्हटलं होतं, आणि यादी खाली गेली.

चाळीसपैकी चौदा जणींकडे द्यायला रजाच नव्हती. ज्यांच्याकडे होती त्यांनी वरचा आकडा बघितला आणि एक लिहिला. कुणी अर्धा. घडीवाल्यांतली सगळ्यात जुनी, जी दहा देणार म्हणून सकाळपासून सांगत होती, तिने कागद बराच वेळ हातात धरला आणि दोन लिहून सही केली. एकूण झाले सत्तावीस. वीस आणि सत्तावीस, सत्तेचाळीस. पुन्हा यादी फिरवायची कुणाची टाप नव्हती. ते म्हणजे जोडीदारणीच्या तोंडावर तिला कंजूष म्हणण्यासारखं झालं असतं. फिरवायची तर तिनेच फिरवायला हवी होती. ती रोज ठरवायची, उद्या मुकादमिणीला सांगते. असे सत्तेचाळीस उद्या गेले.

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी भोंगा पट्टा बांधून कामावर हजर झाली. यादी अजून फळ्यावर टाचलेली होती. ती तिच्यासमोर उभी राहिली, वरपासून खालपर्यंत वाचली आणि सगळं धुलाईघर ऐकेल अशी ओरडली, "चला! दोन दिवसांपुरतं का होईना, कुलूप उघडलं म्हणायचं!"

सगळ्या हसल्या. कुलूपही हसली. हसताना तिला वाटलं, संपलं, बरं झालं, हिने हसण्यावारी नेलं.

तिसऱ्या आठवड्यात, शस्त्रक्रियेच्या खोल्यांतल्या जाड चादरी आल्या त्या दुपारी, भोंगा म्हणाली, "पाय झोपलाय गं माझा."

"बस मग जरा."

"बसले तर उठवेल कोण, तू? मुकादमीण बघतेय. चल, घे."

आणि पुढच्या चादरीला तिचं टोक सुटलं. चादर तिरकी आत गेली, गोळा झाली, मशीन अडलं. पलीकडून शिव्या सुरू झाल्या, आणि मग एकदम थांबल्या, कारण भोंगा ट्रॉलीला धरून खाली बसली होती आणि तिच्या तोंडातून आवाज येत नव्हता. ओठ हलत होते. त्या बाईचा आवाज न येणं ही गोष्ट तिथे कुणी ऐकली नव्हती.

दुसऱ्यांदा चिरलं. डावा पाय पूर्ण परत आला नाही. पुढे तपासणी झाली, कागद फिरले, आणि 'कामास अयोग्य' असा शिक्का मारून तिचं नाव काढलं.

रजाबाबूच्या खिडकीवरून परत आल्यावर कुलपाने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी रजेचा अर्ज टाकला. पहिल्या सकाळी ती सवयीने पाचला उठली, पण सात वाजले तरी घरीच होती. नवऱ्याने शिवणयंत्रावरून मान वर केली.

"तू घरी? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. रजा आहे."

"किती?"

"वर्ष संपेपर्यंत."

त्याने सुई थांबवली. "मग मीच कामावर जातो कुठेतरी. दोघं एका खोलीत मावणार नाही."

तिने केसांना कंगवा लावला आणि भोंग्याच्या घरची वाट धरली.

दोन खोल्यांचं घर. भोंगा पलंगाच्या कडेला बसून शर्टांना बटणं लावत होती. शेजारी चार पायांचा ॲल्युमिनियमचा वॉकर. कारखान्यातून शर्ट यायचे, बटणं लावून परत जायचे.

"अगं बाई! कुलूप! आज वार कोणता?"

"मी आता रोज येणार," उभ्याउभ्याच कुलूप म्हणाली. "सकाळी आठ ते चार. तुझी अंघोळ, तुझं तेल, तुझं जेवण. पगारी रजा आहे माझी, तुला काही वाटून घ्यायचं नाही."

"आठ ते चार? आणि हजेरी कोण लावणार, मी?"

पण कुलूप खरंच आली. आठला हजर, चारला बाहेर. तिने पायांना तेल चोळलं. खिडकीचे गज घासले. पडदे धुतले, चादरी धुतल्या, धुतलेल्या चादरी परत धुतल्या. सुनेने घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घातल्या. सून कपड्यांच्या दुकानात कामाला होती; ती संध्याकाळी यायची आणि कपाटाकडे बघत राहायची. भोंगा वॉकर धरून उठायला लागली की कुलूप धावून काखेत हात घालायची. नवव्या दिवशी भोंग्याने तो हात झटकला.

"सोड! मोरीपर्यंत जायचंय, परदेशी नाही."

कुलूप मागे सरकली. भोंगा गेली, आली, पलंगावर टेकली. दम खाल्ला.

"मी वीस म्हणणार होते," कुलूप भिंतीकडे बघत म्हणाली.

"काय?"

"त्या यादीत. मनात वीस होते. तोंडातून दोन आले. मुकादमीण म्हणाली यादी खाली जायची आहे, आणि मी म्हणाले माहीत आहे. मग रोज वाटायचं, सांगावं, परत फिरवा म्हणावं. नाही सांगितलं."

भोंग्याने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला. तो दोनदा हुकला.

"मला माहीत होतं तू हात आखडणार," ती म्हणाली. "मी ह्यांना म्हटलं होतं, एक दिला तरी पुष्कळ. तू दोन दिलेस. माझ्या अंदाजापेक्षा दुप्पट."

"मग तू का नाही मागितलेस? एकदा निरोप धाडला असतास..."

"जोडीदारणीकडे मागायचं असतं का गं?"

बाहेर कुणीतरी सायकल पाडली, कुणीतरी कुणाला तरी रागावलं.

"राग आला असेल तुला."

"आला ना. आहे अजून. राग म्हणजे काय चादर आहे, धुतली की गेला?" भोंग्याने दोरा एकदाचा ओवला. "नीट ऐक. तेव्हा दिले असतेस तर मी बिनधास्त घेतले असते. झोपून राहिले असते आणि तुला शिव्याही घातल्या असत्या की वीसच का दिलेस. आता तू इथे येऊन गज घासतेस. तुझं तोंड बघितलं की मला माझी पाठ आठवते. तू नसतीस तर बटणं लावता लावता तास दोन तास विसरते मी. तू आठ तास बसतेस. आठ तास मला विसरता येत नाही."



"मग मी काय करू?"

"मला काय माहीत? रजा तुझी. रोलरवर कोण आहे सध्या?"

"नवी पोरगी आहे. जोडीला कुणी नाही म्हणून मुकादमीण उभी राहते."

"मुकादमीण? अगं, अठ्ठावन्न वर्षांची बाई ती! त्या बुटक्या ट्रॉलीत वाकतेय दिवसभर? आणि तू इथे माझ्या सुनेच्या घड्या मोडतेस?" आता तो जुना आवाज आला, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनी ऐकावा असा. "ऊठ. जा कामावर. सुट्टीच्या दिवशी ये कधीतरी, तासभर. चहा पिऊ, रजाबाबूची उणीदुणी काढू. पण रोज येऊ नकोस. खरंच सांगते, रोज नको."

कुलूप चपला घालायला लागली. भोंगा तिच्याकडे बघत नव्हती. शर्टाचं तिसरं बटण लावत होती. दारात कुलूप थांबली. काही तरी ऐकू येईल म्हणून थांबली. आलं ते एवढंच, "दार ओढून घे."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता ती रजाबाबूच्या खिडकीवर होती.

"रजा रद्द करायची आहे."

"काय? नऊच दिवस झालेत. बाई, राहिलेले पंच्याऐंशी दिवस बुडतील."

"बुडू देत."

बाबूने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. काहीतरी चेष्टा करायला त्याचं तोंड उघडलं होतं, पण त्याने ते मिटलं आणि अर्जाचा कागद पुढे सरकवला. "कारण लिहावं लागतं."

तिने थोडा वेळ पेन धरून ठेवलं. तिला खूप काही लिहायचं होतं, पण रकाना बोटाएवढा होता. "तुम्हीच लिहा काहीतरी," ती म्हणाली आणि सही करून निघाली.

धुलाईघरात वाफ भरली होती. लहान मुलांच्या वॉर्डातल्या मळक्या कपड्यांची पोती रात्रीपासून पडलेली, त्यांचा वास सुटलेला. मुकादमीण कमरेवर हात ठेवून रोलरपाशी उभी होती. कुलपाला बघून ती बाजूला झाली, आणि बाजूला होताना तिच्या तोंडातून 'आई गं' निघालं. नव्या पोरीचे हात लाल झाले होते. ती ट्रॉलीत पार तोंडापर्यंत वाकून ओली चादर ओढत होती.

"थांब, थांब," कुलूप ॲप्रनच्या नाड्या आवळत म्हणाली. "आधी त्या दोन रिकाम्या पेट्या आण. ट्रॉली त्यांच्यावर चढवू. हं, अशी. आता वाकायचं कारण नाही."

"हे चालतं?" पोरीने मुकादमिणीकडे बघितलं.

"एकोणीस वर्षं चालायला हवं होतं," कुलूप म्हणाली. "धर टोक."

पोरीने टोक धरलं. पहिली चादर जराशी तिरकी गेली. पलीकडून घडीवालीने शिवी हासडली. कुलपाने मशीन मागे फिरवलं, चादर सोडवली, झटकली आणि दुसऱ्यांदा कड ताणली.